गाणे वामनदादांचे, नाव कुणाचे?

अलीकडे वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून एक शब्द मोठ्या मानाने छापला जातो. तो शब्द म्हणजे 'इंडिपेंडंट आर्टिस्ट'. स्वतः गाणे लिहायचे, स्वतः चाल बांधायची, स्वतःच गायचे आणि कोणत्याही कंपनीच्या दावणीला न बांधून घेता गावोगाव कार्यक्रम करीत फिरायचे, अशा कलावंताला हे नाव आहे. या पुरवण्या वाचल्या की वाटावे, असा कलावंत या देशात प्रथमच जन्माला आला, आणि तोही गिटार घेऊन, महानगरातल्या एखाद्या कॅफेत! आमचा सवाल सरळ आहे. वामनदादा कर्डक कोण होते? साठ वर्षे ज्याने स्वतःची गाणी लिहिली, स्वतः गायली, एस.टी.ने, रेल्वेने आणि वेळ पडली तेव्हा पायी फिरून ती खेड्यापाड्यांत पोहोचवली, त्याला कोणते नाव द्यायचे?

अमेरिकेत बफेलो शहरातली ॲनी डिफ्रँको नावाची गायिका आहे. १९९० साली, वयाच्या विशीत, तिने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. मोठ्या कंपन्या दारात आल्या तेव्हा तिने त्यांना नकार दिला. गावोगाव कार्यक्रम करायचे, तिथेच आपल्या कॅसेट विकायच्या आणि आपल्या गाण्यावरची मालकी आपल्याकडेच ठेवायची, हा तिचा मार्ग. जग तिला स्वतंत्र कलावंतांची आद्य प्रतिनिधी मानते. तिचा आम्हाला आदरच आहे. पण त्याच मार्गाने, तिच्या कितीतरी आधी, आमची माणसे गेली होती. कार्यक्रमाच्या ठिकाणी आपल्या गाण्यांची चार-आठ पानांची पुस्तिका काही आण्यांत विकणारा भीमशाहीर दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर पिढ्यान् पिढ्या दिसत आला आहे. फरक एवढाच की, तिच्या हाती मालकी राहिली. आमच्या माणसांच्या हाती टाळ्या राहिल्या!

या फरकाचाच विचार आज आम्हाला करायचा आहे.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. घरात अठराविसे दारिद्र्य. पोटासाठी मुंबई गाठली, शिवडीच्या चाळीत राहिले, मिळेल ती अंगमेहनतीची कामे केली. शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्याला वाचता येत नाही याची शरम त्यांच्या जिव्हारी लागली. मग ऐन तरुण वयात ते बाराखडी गिरवायला बसले. जोडाक्षरे शिकले ती दुकानांवरच्या पाट्या वाचून! १९४३ साली त्यांनी पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवरचे विडंबन. तेव्हापासून १५ मे २००४ रोजी नाशिकला त्यांचे निधन होईपर्यंत हा माणूस थांबला नाही. हजारो गाणी त्यांनी लिहिली. 'वाटचाल' (१९७३), 'मोहळ' (१९७६), 'हे गीत वामनाचे' (१९७७) हे त्यांचे संग्रह आणि 'माझ्या जीवनाचं गाणं' (१९९६) हे आत्मकथन. १९९३ साली वर्ध्याला पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद समाजाने त्यांना दिले. पाट्या वाचून अक्षर ओळखणारा माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला! बाबासाहेबांच्या क्रांतीचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

हे वैभव आकाशातून पडले नव्हते. सत्यशोधक जलशांचा वारसा होता. १९३० च्या सुमारास भीमराव कर्डकांनी नाशिक जिल्ह्यात जलसा उभा केला आणि तमाशाच्या फडात ज्यांच्या कलेवर इतरांची करमणूक झाली, त्या ढोलकीला व तुणतुण्याला त्यांनी समतेच्या कामाला जुंपले. गणाच्या जागी बाबासाहेबांचे स्तवन आले, गौळणीच्या जागी पाणवठ्याचा प्रश्न आला. भीमराव कर्डकांनी या साऱ्याचा इतिहास स्वतः लिहून १९७८ साली पुस्तकरूपाने ठेवला म्हणून आज तो आपल्याला ठाऊक आहे. १९५६ च्या धम्मक्रांतीनंतर जलशाची जागा हळूहळू गायन पार्टीने घेतली. एक गायक-कवी, हार्मोनियम, ढोलकी, बॅन्जो, मागे झील धरणारे दोघे-तिघे, एवढ्या सरंजामावर ही पार्टी महाराष्ट्रभर फिरू लागली.

या पार्टीचा संसार कसा चालायचा, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. हंगाम सुरू व्हायचा तो १४ एप्रिलच्या आसपास. जयंती, बुद्धपौर्णिमा, लग्ने, नामकरण, पुतळ्याचे अनावरण, बुद्धविहाराचे उद्घाटन आणि कुणाच्या घरी पुण्यानुमोदन, असा पावसाळ्यापर्यंत फेरा चालायचा. सुपारी ठरायची ती बहुधा तोंडी. थोडा इसार हातावर आणि उरलेले पैसे कार्यक्रमानंतर. त्यातून गाडीभाडे, साथीदारांची बिदागी, वाद्यांची दुरुस्ती वजा केली की गायकाच्या हाती फार थोडे उरायचे. मग आधार होता तो बक्षिसाचा. मजुरी करून आलेला माणूस पाच-दहाची नोट घेऊन मंचापाशी यायचा, नाव पुकारले जायचे, गाणे पुन्हा व्हायचे. रात्रभर कार्यक्रम चालायचा. पुढे २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले आणि रात्र-रात्र रंगणारे सामने दोन-तीन तासांवर आले. पण ते दिवस असे होते की, गावातल्या सवर्णाच्या घरी पाणीसुद्धा न मिळणारा गायक आपल्या वस्तीत पाहुण्यासारखा उतरायचा. कुणाच्या घरची भाकर, कुणाच्या ओसरीवर झोप. या कलावंताला सांभाळले ते वस्तीने. सरकारने नव्हे, अकादमीने नव्हे आणि कंपनीने तर नव्हेच.

म्हणूनच आम्ही म्हणतो की, आमचा कलावंत स्वतंत्र होता याचे अर्धे कारण त्याची निष्ठा होती आणि अर्धे कारण प्रस्थापितांची बंद दारे होती. आकाशवाणीला त्याचा आवाज रांगडा वाटला. साहित्याच्या दरबाराला त्याची कविता प्रचारकी वाटली. वामनदादांनी मराठी चित्रपटांसाठीही गीते लिहिली, लोकांनी ती डोक्यावर घेतली, तरी चित्रपटसृष्टीने त्यांना आपले मानले नाही. अशा वेळी स्वातंत्र्य ही गायकाने केलेली निवड राहत नाही, त्याच्यावर आलेली वेळ ठरते. वामनदादांचे मोठेपण हे की, या आलेल्या वेळेला त्यांनी मिरवण्याजोगी निवड करून दाखवले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. वामनदादांच्या बहुसंख्य गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफलेले सापडते. कबीरांपासून तुकोबांपर्यंत चालत आलेली ही नाममुद्रा आहे. विद्वान लोक हिला काव्याचा संकेत म्हणतात. आम्हाला ती आमच्या कवीची सातबारा वाटते! ज्याच्याजवळ छापखाना नाही, वकील नाही, नोंदणी कचेरी कुठे आहे हे माहीत नाही, त्याने आपली मालकी गाण्याच्या पोटातच कोरून ठेवली. गाणे गाणाऱ्याला शेवटी कवीचे नाव घ्यावेच लागेल, अशी ती तजवीज होती. तोंडोतोंडी फिरणाऱ्या गाण्याला याहून पक्के कुलूप नव्हते.

हे कुलूप तोडले कॅसेटने. १९८० नंतर कॅसेट घरोघर आली आणि भीमगीतांना मोठी बाजारपेठ आहे हे व्यापाऱ्यांच्या ध्यानात आले. एका बाजूला किती गाणी बसवायची याचे गणित झाले आणि गाणे लांबले की कात्री लागली ती शेवटच्या कडव्याला. कवीचे नाव तिथेच होते. वेष्टनावर गायकाचा फोटो, कंपनीचा शिक्का आणि किंमत असायची. गीतकाराचे नाव कधी बारीक अक्षरात, कधी 'पारंपरिक' या शब्दाखाली गाडलेले आणि कधी साफ गायब. अशा कॅसेट आम्ही स्वतः हाताळल्या आहेत. जिवंत माणसाच्या गाण्याला 'पारंपरिक' म्हणणे म्हणजे मालक घरात असताना घर बेवारस ठरवण्यासारखे आहे. त्यात हक्काचा व्यवहार असा की, एकरकमी हातावर काहीतरी ठेवायचे, एका कागदावर सही वा अंगठा घ्यायचा आणि विषय संपला. कॅसेट लाखात खपो की हजारात, लिहिणाऱ्याला त्याचे काय!

२००४ सालचा उन्हाळा आठवावा. १५ मे रोजी वामनदादा गेले. पुढच्या सव्वा महिन्यात, २३ जून रोजी, प्रल्हाद शिंदे गेले. एक लिहिणारा आणि गाणारा, दुसरा महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेला आवाज. प्रल्हाददादांच्या आवाजातली भक्तिगीते ज्या देवळांच्या कर्ण्यांवरून रोज सकाळी वाजत आली, त्यांतल्या किती देवळांत त्यांच्या वाडवडिलांना पाय ठेवता आला असता? आवाज चालतो, माणूस चालत नाही. गाणे चालते, कवीचे नाव चालत नाही. जातिव्यवस्थेचा हा जुनाच हिशेब आहे. श्रम तुमचे, फळ आमचे. संगीताच्या धंद्याने त्याला फक्त नवे वेष्टन चढवले.

एकट्याने फिरणाऱ्या कलावंताची दुसरीही एक किंमत असते, ती पैशात मोजता येत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचे बळी गेले आणि चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मृत्यूला कवटाळले. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा २०११ चा माहितीपट त्या मृत्यूपासूनच सुरू होतो. लोकांचे दुःख गाणाऱ्याचे स्वतःचे दुःख ऐकायला कोण असते? लोकशाहीर विठ्ठल उमप यांनी तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला, कार्यक्रमाच्या मंचावरच अखेरचा श्वास घेतला. 'रंगमंचावर मरण आले' असे आपण कौतुकाने म्हणतो. पण वयाच्या ऐंशीच्या घरातसुद्धा कलावंताला कार्यक्रमासाठी धावावे लागते ते केवळ हौसेने, असे समजण्याचे कारण नाही. आमच्या किती शाहिरांना म्हातारपणी बसून खाता आले, याचा हिशेब समाजाने कधी मांडला आहे काय?

कायदा काय म्हणतो, हे आमच्या प्रत्येक गायकाला पाठ असले पाहिजे. कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. या कायद्याने गाणे लिहिले त्या क्षणी ते लिहिणाऱ्याचे होते. नोंदणी केलीच पाहिजे अशी सक्ती नाही, मात्र नोंदणी असेल तर पुरावा हाती राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी कागद आणि सही लागते. तोंडी बोलण्याने गाणे विकले जात नाही! कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. हक्क विकल्यानंतरसुद्धा 'हे गाणे माझे आहे' असे सांगण्याचा आणि गाण्याची मोडतोड होऊन आपली बदनामी होत असेल तर तिला हरकत घेण्याचा हक्क कवीकडेच राहतो. २०१२ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणासाठी वा चित्रपटासाठी हक्क दिले तरी पुढच्या वापराच्या मानधनातला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराला मिळालाच पाहिजे, आणि हा वाटा कंपनीला लिहून देता येणार नाही, असे संसदेने ठरवले. कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. म्हणजे वामनदादांची गाणी २०६४ च्या अखेरपर्यंत कायद्याने संरक्षित आहेत. ती बेवारस नाहीत आणि 'पारंपरिक' तर मुळीच नाहीत.

पण कायदा पुस्तकात असतो आणि बाजार रस्त्यावर असतो. तामिळनाडूतल्या अरिवू या तरुण आंबेडकरी कवी-गायकाचे उदाहरण ताजे आहे. मार्च २०२१ मध्ये 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे आले. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेल्या आपल्या आजीच्या पिढीचे भूमिहीनपण अरिवूने त्यात मांडले. ते त्याने धी या गायिकेबरोबर गायले, संगीत संतोष नारायणन यांचे. कोट्यवधी लोकांनी ते ऐकले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका इंग्रजी संगीत मासिकाने या गाण्याचा गौरव केला, पण मुखपृष्ठावर अरिवू नव्हता. २०२२ साली चेन्नईत बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या उद्घाटनात हे गाणे गायले गेले, त्या मंचावरही अरिवू नव्हता. आणि २०२४ साली खुद्द संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की, या गाण्यातून आम्हा कलावंतांना एक पैसाही मिळालेला नाही. हे गाणे ज्या संस्थेने प्रसिद्ध केले, तिची जाहिरात स्वतंत्र कलावंतांचे व्यासपीठ अशीच होती! कॅसेट गेली, मोबाइल आला, पण प्रश्न वामनदादांच्या काळातलाच राहिला.

मोबाइलने काही दारे उघडली, हेही मान्य केले पाहिजे. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात एकतारीवर गातात आणि त्यांचा आवाज कोणत्याही कंपनीची पायरी न चढता लाखो लोकांपर्यंत गेला. हे कॅसेटच्या काळात शक्य नव्हते. मात्र नव्या माध्यमातला एक खड्डा आमच्या तरुण गायकांनी ओळखावा. आपल्याकडे भीमगीत सिनेमाच्या चालीवर बांधण्याची जुनी रीत आहे. मंचावर ते खपून गेले. पण यूट्यूबवर यंत्रच चाल ओळखते आणि चालीच्या मालकाला हक्क सांगायची वाट मोकळी करून देते. शब्द तुमचे, आवाज तुमचा, घाम तुमचा आणि जाहिरातीचे पैसे मात्र सिनेमाच्या संगीत कंपनीला! हे टाळायचे तर स्वतःची चाल बांधा. ओवी, पाळणा, भारूड, पोवाडा यांचे लोकछंद आपल्याच मायबहिणींनी आणि शाहिरांनी घडवले आहेत. त्या धनावर कोणत्याही कंपनीचा शिक्का नाही.

आता समाजाने काय करायचे? भाषणे पुष्कळ झाली. जयंती मंडळांनी चार गोष्टी ठरवल्या तरी पुष्कळ होईल. पहिली, गायकाशी व्यवहार कागदावर करा. मानधन, गाडीभाडे, तारीख लिहा आणि कार्यक्रम संपण्याची वाट न पाहता पैसे द्या. दुसरी, मंचावर गाणे सुरू होण्यापूर्वी कवीचे नाव पुकारा आणि शेवटचे कडवे गाळू देऊ नका. तिसरी, आवाजाच्या भिंती उभ्या करण्यावर जो पैसा जातो, त्यातला काही भाग आपल्या तालुक्यातल्या गीतकाराला बोलावण्यावर खर्च करा. भिंती थरथरतात, पण त्या काही सांगत नाहीत. चौथी, आपल्या भागातल्या म्हाताऱ्या शाहिरांच्या वह्या शोधा. ट्रंकेत, माळ्यावर, वाळवी लागलेल्या त्या वह्यांत आपला इतिहास आहे. त्यांचे फोटो काढा, तारखा लिहा, वारसांच्या नावे नोंदणी करा. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांसाठी मानधन योजना आहे, २०२४ पासून ती रक्कम महिना पाच हजार रुपये झाली आहे. आपल्या वस्तीतल्या शाहिराचा अर्ज भरून द्यायला कार्यकर्त्याला एक दिवस लागतो. तो एक दिवस द्या.

आणि गायकांनाही आमचे एक सांगणे आहे. दुसऱ्याचे गाणे गाताना त्याचे नाव घेण्यात आपला मोठेपणा कमी होत नाही. प्रस्थापित आमची नावे पुसतात म्हणून आपण ओरडतो. मग आपल्याच कवीचे नाव आपल्या तोंडून गळून पडत असेल, तर त्या ओरडण्यात बळ कुठून येणार?

वामनदादांनी साठ वर्षे गावोगाव फिरून समाजाला स्वाभिमान वाटला. त्याचे मोल आपण फेडू शकत नाही. पण येत्या १४ एप्रिलला ज्या मंचावर त्यांचे गाणे होईल, तिथे शेवटचे कडवे पूर्ण गायले जाईल आणि 'वामन' हे नाव कर्ण्यावरून वस्तीभर ऐकू जाईल, एवढे तरी आपल्या हातात आहे.